पोलंडला गेलेलं आवतण

३ फेब्रुवारी १९९१

जगनचा आवाज गेला. सकाळी चहा मागायला तोंड उघडलं तर नुसती हवा – पंक्चर झालेली ट्यूब जशी. मी बोलले, बरं झालं, चार दिवस घर निवांत. हसला नाही. पोरगा घाबरलाय.

काल डोंबिवलीला हॉलमध्ये प्रोग्राम होता त्यांच्या बँडचा. दोन तास ओरडला. तसा तीन वर्षं ओरडतोच आहे, माझ्या सुक्या मासळीच्या खोलीत. खाडीत मासळी उरली नाही, खोली रिकामी पडली, चावी मीच दिली. माझा नातू जगन गिटार घेऊन ओरडणार, कोपरचा पोपट ड्रम बडवणार, कल्याणचा कुंडलिक दुसरी गिटार. पोपटाला दोन्ही पायांनी ड्रम मारायचा असतो, पण पायडल एकच होतं. दुसरं त्याने आईच्या शिलाई मशीनचं बसवलं. आई अजून त्याला हाताने शिवायला लावते.

कुंडलिक बोलतो, आजी, याला थ्रॅश बोलतात. मी बोलले, भात झोडतात तसं दिसतंय. तो बोलला, अगदी तसंच. ठाण्यापासून कल्याणपर्यंत असलं कोणी वाजवत नव्हतं, आम्ही पयले. आणि मराठीत तर कुठेच नाही.

आधी नाव इंग्रजी होतं, मढ्याबिढ्याचं. मी बोलले, खाडीच्या काठाला जन्मलात, परक्या मुलखातलं मढं कशाला उचलता? मग नाव ठेवलं खाजण. ते बरं आहे. चिखल, तिवरं, वास, सगळं त्यात आलं.

पहिल्यांदा गणपतीच्या मांडवात वाजवलं तेव्हा अडीच मिनिटांत लोकांनी वायर काढली. काल चारशे पोरं होती म्हणे.

५ फेब्रुवारी

ठाण्याला डॉक्टरकडे नेला. घशात गाठी. तीन महिने एक शब्द बोलायचा नाही, कुजबुज पण नाही.

माझ्या नातीची, मालनची जुनी पाटी काढून दिली त्याला. तो लिहितो, मी वाचते. मालननेच मला गेल्या वर्षी अक्षरं शिकवली, आता कामाला आली. जगन दहावी झालाय पण ऱ्हस्व-दीर्घ माझ्याहून वाईट.

८ फेब्रुवारी

मालनचं ठरलं. पोपटाशीच. मला कधीचं माहीत होतं, ड्रम ऐकायला कोणी रोज चहा घेऊन जात नाही.

पोपट २८ तारखेला बोटीवर चाललाय, खलाशी म्हणून. दहा महिने. आला की पुढच्या मे महिन्यात लग्न. त्याचा काका बोलला, आजकाल सगळे भटजी बोलावतात, अर्ध्या तासात मोकळं. मी बोलले, आमच्यात लग्न धवलारीण लावते. धवले गाऊन देवांना बोलावते, पोराला पोरीच्या हाती देते. तुझं मीच लावलं, तेव्हा अर्ध्या तासात मोकळं केलं असतं तर तुझी पोरं कुठून आली असती?

चाळीस वर्षं लग्नं लावतेय. बाळकुम, कोलशेत, दिवा, कोपर. मोजली नाहीत. पण मालनचं लावायचं राहिलंय. तिची आई गेली तेव्हा ती तीन वर्षांची. माझ्या मांडीवर बसून धवले ऐकलेत तिने, झोप लागेपर्यंत. बाकी कोणाचं नाही लावलं तरी चालेल. हे माझं.

१२ फेब्रुवारी

आज खोलीत नाटक.

कल्याणला चांगदेव म्हणून एक आहे, भजनांच्या टेपा भरतो. त्याच्याकडे खाजणची पहिली टेप भरायची, २४ तारीख ठरलेली. पोपट २८ ला बोटीवर. पुढे ढकलता येत नाही. आणि गाणारा मुका.

कुंडलिकने कल्याणहून एक पोरगा आणला, बदली गडी. त्याने सुरुवात केली. मी दारात जवळा निवडत बसलेले. दोन ओळींत त्याच्या मानेच्या शिरा वर आल्या. मी बोलले, थांब रे बाबा, गळा काय भाड्याचं घर आहे का तुझं, एवढं तोडतोस? गळ्यातून काढायचं नाही. पोटाखालून काढायचं. लग्नात दोन-दोन दिवस गावं लागतं आम्हाला, गळ्यातून गायलं असतं तर पहिल्याच लग्नात मुकी झाले असते.

तो बोलला, आजी, हे भजन नाय.

मग मला राग आला. सूप खाली ठेवलं. त्यांचं ते निवटा मासळीचं गाणं रोज कानावर पडून पाठ झालेलं –

काळं पाणी चढतंय वर
निवटा उताणा चिखलावर

बसल्या जागी काढला आवाज. जेवढा खाली जातो तेवढा खाली. माझ्या गुरूने, दगडाबाईने शिकवलेला, वेताळाला बोलवायचा असतो तो.

पोपटाच्या हातातली काठी पडली. कल्याणचा पोरगा चपला शोधायला लागला. जगनने पाटीवर काहीतरी लिहिलं, वाचता येईना. मी परत जवळा निवडायला घेतला. पण काय सांगू, अंगावर काटा आलेला माझ्याच.

१३ फेब्रुवारी

तिघे सकाळपासून ओट्यावर. मी नाही बोलले.

दुपारीपण ओट्यावर. नाही.

संध्याकाळी जगनने पाटी दाखवली. 'नाव कोनाला कळनार नाय. माझंच नाव घालू.' मी बोलले, आधी बाणाचा ण लिहायला शिक. मग बोलले, बरं.

१७ फेब्रुवारी

सहा गाणी पाठ. पोपट वेगात मारतो, मी त्याच्या पुढे जाते, तो चिडतो. आजी, ताल बघा. मी बोलले, नवरीकडची माणसं पळायला लागली की ताल कोण बघतं, त्यांच्या पुढे जाऊनच अडवावं लागतं.

आलं, खडीसाखर, कोमट पाणी. पोरांचं ते बाटलीतलं गार सरबत बंद केलं मी. कुंडलिक पण आता पोटातून श्वास घेतो. गिटार वाजवायला कशाला लागतो विचारलं नाही.

दामाजीला, माझ्या मुलाला, वाटतं मी पोरांना चहा करायला जाते. वाटू दे.

मजा येतेय. एकसष्टाव्या वर्षी असं लिहिणं बरं नाही. पण ही वही माझी आहे.

२४ फेब्रुवारी

टेप भरली.

चांगदेवची खोली म्हणजे भिंतीला गाद्या लावलेल्या. त्याने मला बघितलं आणि पोरांना बोलला, भजनाचा टाईम उद्याचा आहे. कुंडलिक बोलला, ह्या आमच्या सिंगर. चांगदेवने कानातलं यंत्र काढलं, परत घातलं.

मला उभं राहून गाता येत नाही. पाट मागितला. माइक खाली आणला, मग पाटावर बसून, पदर खोचून, डोळे मिटले. पुढचं आठवत नाही नीट. सहाच्या सहा गाणी, एक पण परत भरावं लागलं नाही. मधल्या एका गाण्यात काच हादरत होती. चांगदेव शेवटी बोलला, ताई, तुमचं गाव कुठलं? मी बोलले, का, वस्तीला यायचंय?

बाहेर पडलो, भजी खाल्ली. जगन तीन आठवड्यांनी हसला. बिनआवाजाचा.

१ मार्च

पोपट गेला काल, ऐन शिमग्याला. मालन रडली नाही, फक्त होळीला नारळ टाकताना दोन टाकले.

१० मार्च

आज टेप ऐकली. पहिल्यांदा.

सुरुवातीला गाणं नाही. सुरुवातीला मी आहे, आवतण गातेय. ये ग आई एकवीरे, ये रे खंडेराया, गावदेवी ये, खाडीच्या राखणदारा ये, मांडवात पाट मांडलाय. पूर्ण! चाळीस वर्षं पाटावर बसले की तोंडातून आधी हेच निघतं. त्या दिवशी पण निघालं, मला कळलं पण नाही. चांगदेवचं यंत्र चालू होतं. पोरांना वाटलं, वा, काय सुरुवात आहे. त्यांनी ठेवलं.

मांडव नसताना आवतण द्यायचं नाही. दगडाबाईने पहिल्या दिवशी सांगितलेलं. बोलावलं की ते येतात. आले की त्यांना लग्न लागतं. लग्न नसताना बोलावलं तर त्या धवलारणीचा मांडवात बसायचा हक्क जातो.

कुंडलिकला बोलले, काढून टाक ते. तो बोलला, आजी, चाळीस टेपा वाटून झाल्या.

चाळीस. बघू. ही पोरं धवला कुठे ऐकतात. कव्हरवर जगनचं नाव आहे. आमच्या गावात ही टेप कोण ऐकणार.

हळदी-कुंकू लावून नारळ फोडला गुपचूप. आणि खरं सांगायचं तर – आवाज काय लागलाय.

२ मे

जगन बोलायला लागला. पहिला शब्द 'आजे'. दुसरा 'भूक'. ठीक.

१९ जून

कुंडलिक आला, उड्या मारतोय. त्याच्या दुकानात – तो कल्याणला टेपरेकॉर्डर दुरुस्त करतो – दुरुस्तीला आलेल्या यंत्रांत आमची टेप सापडते. एक नाही, चार यंत्रांत. त्याने विकलेली नाही, त्याने दिलेली नाही. पोरं एकमेकांची उतरवून घेतात. उतरवलेल्याची परत उतरवतात. एकीवर तर अर्ध्यात कोणाच्या तरी बारशाचं रडणं होतं, त्यावर आम्ही.

मी विचारलं, आवतण आहे का त्यात? तो बोलला, सगळ्यांत, लोक तेच आधी लावतात.

२७ ऑगस्ट

पोस्टमन दारात. परदेशचं पाकीट, तिकिटावर पक्षी. पोलंड! हा देश कुठे आहे ते मालनने नकाशात दाखवलं. माझ्या नखाएवढा.

कोणीतरी तिकडच्या पोराने कोणा डोंबिवलीच्या पोराशी टेपांची अदलाबदल केली, त्यातून आमची गेली. कुंडलिकने वाचून दाखवलं. असा आवाज कुठे ऐकला नाही. गाणाऱ्याने हा आवाज कसा काढला? आणि खाली – टेपेच्या कव्हराला हा कसला वास आहे, आमच्याकडे मांजर दोन दिवस त्याला सोडत नव्हतं.

बोंबील. माझ्या मासळीच्या खोलीत भरलेली ना कव्हरं.

उत्तर काय लिहायचं? मी बोलले, लिही, मिठागराचं पाणी पितो. कुंडलिकने लिहिलं. आता तिकडे कोणी मिठाचं पाणी प्यायला लागला तर माझ्या डोक्यावर.

म्हणजे एकवीरा आईला आवतण पोलंडहून पण जातंय. बिचारी किती पळणार.

१४ ऑक्टोबर

हौसाबाई भेटली बाजारात. कोलशेतची, माझ्याबरोबरची धवलारीण. आम्ही दोघी दगडाबाईकडे एकत्र शिकलो, आणि दगडाबाईने मरताना चौरंग, म्हणजे तिची जागा, मला दिला. ते तिने अजून गिळलेलं नाही. माझ्याकडे बघून बोलली, आवाज बरा आहे ना ग चंद्रे? मी बोलले, तुझ्याएवढा नाय. असं गोड बोलले की दोघींना संशय आला.

९ डिसेंबर

आता मोजून सात बँड आहेत. डोंबिवलीत तीन, कल्याणला दोन, ठाण्यात एक, मुंब्र्याचा एक. कुंडलिक सगळ्यांची नावं सांगतो. त्यातला एक बँड शीळफाट्याला दगडाच्या खाणीत वाजवतो, तिथे कोणी वायर काढायला येत नाही. सगळे आमच्यासारखं वाजवायचा प्रयत्न करतात. सगळ्यांचे गाणारे जमिनीवर बसून गातात! कोणी सांगितलं त्यांना? चांगदेव बोलला असणार, आमचा सिंगर बसून गायला म्हणून. खाजणची पद्धत म्हणतात त्याला.

डॉक्टर जगनला बोलला, तुझ्यासारखी गाठी आलेली अकरा पोरं आली यंदा. त्याला कळेना कसली साथ आहे.

मी जगनला बोलले, आण त्यांना रविवारी. अकराच्या अकरा. पोटातून श्वास घ्यायला शिकवते, नाहीतर सगळे मुके होतील. तो बोलला, त्यांना काय सांगू, तू कोण? मी बोलले, सांग, आजी आहे, आयुर्वेदिक.

१२ जानेवारी १९९२

पोपट आला. काळा पडलाय, रुंद झालाय. बोलतो, बोटीवर एका फिलिपिन्सच्या खलाशाकडे आमची टेप होती. मी विश्वास ठेवला नाही. त्याने ती आणलीच दाखवायला.

२ फेब्रुवारी

काल डोंबिवलीला खाजणचा प्रोग्राम, वर्षाने. मी पण गेले, मागच्या खुर्चीत. हजार पोरं. बाहेर दोनशे. पाच मिनिटं नुसतं आमचं नाव.

जगन बसला. ओरडला. बरा ओरडला, खरंच. पण पोरं थांबली. मग एकजण बोलला, टेपवाला आवाज काढ रे. मग सगळे. टेपवाला, टेपवाला. जगनने परत प्रयत्न केला. मी उठले असते. पाय उचलला पण होता. मालन बाजूला होती, तिच्या हाताकडे बघितलं, साखरपुड्याची अंगठी. बसले.

येताना रिक्षात जगन बोलला, आजे, सांगून टाकतो मी. दुसऱ्याची कमाई खातोय असं वाटतं. मी बोलले, मे महिना जाऊ दे. मालनचं लागलं की मग छतावर चढून सांग.

२१ फेब्रुवारी

गुपित फुटलं.

हौसाबाईच्या नातवाने टेप घरी लावली. तिने भाजी चिरता चिरता ऐकली. पहिल्या ओळीला सुरी ठेवली म्हणे.

१ मार्च

जमातीची बैठक, गावदेवीच्या देवळात. गोमाजी पाटील मध्ये बसलेला. त्याच्या समोर टेपरेकॉर्डर, त्याला हार घालायचा बाकी होता. लावली टेप. देवळात माझं आवतण घुमलं. बायकांनी पदर तोंडाला लावले. मग गाणं सुरू झालं, पोपटाचे दोन पाय, कुंडलिकची गिटार, आणि मी. घंटा हलायला लागली. गोमाजीने बंद करायला बटण शोधलं, सापडेना, आवाजच वाढवला.

गोमाजी बोलला, हौसाबाई म्हणते हा आवाज चंद्रभागेचा. मांडव नसताना आवतण. खरं की खोटं?

जगन उठला. बोलला, माझा आहे. कव्हरवर नाव आहे माझं. आजीची नक्कल केली मी.

सगळे माझ्याकडे. एक 'हो' पुरलं असतं. तो सहज सुटला असता, पोरांना काय शिक्षा करणार, दोन नारळ. मी मालनच्या लग्नाला मांडवात बसले असते. मला माहीत होतं ते. तोंडात 'हो' तयार होतं.

पण गोमाजी बोलला, वाटलंच मला, बाईचा एवढा दम नसतो.

मी बोलले, आवाज माझा आहे. सहा गाणी, एका बैठकीत, पाणी न पिता. तुझ्या लग्नात गायले त्याच्या दुप्पट दम होता.

निकाल असा. जेवढ्या टेपा गेल्या तेवढ्या परत आणायच्या आणि खाडीत बुडवायच्या. आवतण मागे घेतलं असं होईल. तोवर चंद्रभागेने मांडवात बसायचं नाही. मालनचं लग्न हौसाबाई लावेल.

मी विचारलं, पोलंडवाली पण? गोमाजी बोलला, सगळ्या.

दामाजी घरी येऊन तडक पाटावर बसला. मग जेवताना बोलला, आये, एका बैठकीत खरंच? मी बोलले, भात वाढू?

८ मार्च

जगनने सांगितलं सगळ्या बँडवाल्यांना – गाणारी माझी आजी आहे आणि तिला टेपा परत हव्यात. मला वाटलं शिव्या देतील. आज सकाळी गल्ली भरलेली. केस वाढवलेले, काळे बनियन घातलेले साठ-सत्तर पोरगे, ओट्यापासून पिंपळापर्यंत, आणि सगळे पाया पडतात! शेजारणी बोलल्या, चंद्राबाईच्या अंगात आलं की काय.

आणि सगळ्यांच्या हातात टेप. एक मुंब्र्याचा पोरगा, पाया पडून बोलला, आजी, मेरे घर में आपका फोटो नहीं है, टेप ही है, वो भी ले लो। त्याला चहा दिला. त्याच्या घशावरची शीर बघितली. पोटातून रे बाबा, पोटातून.

१५ मार्च

शंभराच्या वर झाल्या. पोतं भरलं.

कुंडलिक खाली मान घालून उभा. विचारलं, काय? तो बोलला, आजी, खोटं बोलत नाय. परत देण्याआधी प्रत्येकाने एक उतरवून ठेवलीय.

मी हिशोब केला. परत आणायला लागलो तेव्हापासून टेपा दुप्पट झाल्या.

हसायला आलं. मालन पण हसली. मग ती उठून आत गेली आणि बराच वेळ आली नाही.

४ एप्रिल

पोतं बुडवलं. दामाजीच्या होडीतून. गोमाजी काठावर उभा राहून बघत होता. बोलला, झाल्या सगळ्या? मी बोलले, ह्या झाल्या. तो बोलला, बाकीच्या? मी बोलले, काल डोंबिवलीत अजून दोन बँड निघाले. तो डोकं धरून घरी गेला.

निकाल तोच राहिला.

१६ एप्रिल

मालन बोलली, भटजी बोलवू. हौसाबाई नको, भटजी पण नको खरं तर, पण हौसाबाई नकोच.

मी बोलले, गप. लग्न धवल्यातच लागेल. हौसाबाईचा गळा चांगला आहे. चढावर थोडी घाबरते, बाकी चांगला. हे मी मालनला बोलले, हौसाबाईला मेले तरी बोलणार नाही.

लग्न १० मेला. चोवीस दिवस राहिले.

२५ एप्रिल

पोपट, जगन, कुंडलिक खोलीत नवीन गाणी बसवतायत. दुसरी टेप भरायचीय, चांगदेवने स्वतःहून बोलावलंय. जगन दोनदा येऊन उभा राहिला दारात. विचारलं नाही. मी पण जवळ्यातून मान वर केली नाही.

आता हरकत काय आहे? मांडवातून तर उठवलंच आहे मला. हे लिहिताना कळतंय. पण मालनचं लग्न होईपर्यंत मी त्या खोलीत पाऊल टाकणार नाही. तिच्या लग्नात कोणी बोट दाखवून बोलायला नको, ती बघा बँडवाली.

उद्या हौसाबाई येणार. रीतच आहे, धवलारणीने नवरीच्या घरी येऊन कुळाची नावं विचारायची, कोणत्या देवांना आधी हाक मारायची ते विचारायचं. माझ्याच घरी, माझ्याच पाटावर बसून विचारणार. चहा साखर घालून देईन. जास्तच घालेन.

२६ एप्रिल

आली. चहा प्यायली. कुळाची नावं विचारली नाहीत.

मालनला बोलली, पाणी आण ग. ती आत गेल्यावर माझ्याकडे वाकली. बोलली, चौथं गाणं. मी बोलले, कोणतं चौथं? बोलली, टेपेतलं. तिथे 'कोळंबी मेली' म्हणताना तू श्वास चोरतेस. मी असते तर चोरला नसता.

मी बोलले, किती वेळा ऐकलीस?

ती बोलली, नातवाची झिजली. दुसरी उतरवून आणायला लावली. मग पिशवीतून मफलर काढला, या उन्हाळ्यात, आणि गळ्याला गुंडाळला. बोलली, दुसरी टेप कधी भरता?

३ मे

हौसाबाईचा घसा बसलाय असं तिने जमातीला कळवलं. आज सकाळी मासळीच्या खोलीत, मी पण पाऊल टाकलंच, चढावरची ओळ तिने तीनदा गायली, छपराचं कौल सरकलं. मफलर खुंटीवर होता. लग्नाला सात दिवस, दोन धवलारणी, दोघी बँडमध्ये. मालनचं लग्न आता तूच लाव, हे सांगायला गोमाजी कधीचा ओट्यावर बसलाय. मालन दोनदा सांगून आली, आजी आंघोळ करतेय. हौसाबाई बोलली, घाई कसली, केस पण धुते बोल.